सहाच्या चार खोल्या : हाँगकाँगमधलं तुकड्यांचं घर कायद्यात बसवण्याचा हिशेब

हाँगकाँगमध्ये एका फ्लॅटचे तुकडे पाडून केलेल्या भाड्याच्या खोलीला कँटोनीज भाषेत 'तोंग फोंग' म्हणतात. यातला 'तोंग' हा शब्द एरवी मासा किंवा जनावर चिरून उघडण्यासाठी वापरतात. सरकारी अंदाजानुसार शहरात अशा सुमारे १,१०,००० खोल्या आहेत आणि त्यांत सुमारे २,२०,००० माणसं राहतात. शाम शुई पो, माँगकॉक, यौ मा तेई या काउलूनच्या जुन्या भागांत, लिफ्ट नसलेल्या पाच-सहा मजली इमारतींमध्ये त्या जास्त सापडतात.

१ मार्च २०२६ पासून या खोल्यांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. खोली भाड्याने द्यायची तर ती 'मूलभूत निवासी घटक' म्हणून मान्य करून घ्यावी लागते. आधीपासून भाड्याने दिलेल्या खोल्यांना नोंदणीसाठी १२ महिने आणि त्यापुढे दुरुस्तीसाठी ३६ महिने, म्हणजे फेब्रुवारी २०३० च्या अखेरपर्यंत मुदत आहे. त्यानंतर निकषात न बसणारी खोली भाड्याने दिली तर ३,००,००० हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ठळक निकष असे : आतलं क्षेत्रफळ किमान ८ चौरस मीटर, उंची किमान २.३ मीटर, खिडकी, खोलीतच स्वतंत्र शौचालय, पाण्याचं आणि विजेचं स्वतंत्र मीटर, शिवाय बांधकामाची आणि आगीपासूनची सुरक्षितता. ८ चौरस मीटर म्हणजे ८६ चौरस फूट. मुंबईच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली १०० चौरस फुटांची असते. हा निकष त्याहूनही खाली आहे आणि तरीही असंख्य खोल्या त्यात बसत नाहीत, यावरून परिस्थितीची कल्पना येईल.

मालक बहुतेक वेळा कंत्राटदाराला बोलावून "किती खर्च येईल?" असं विचारून सुरुवात करतात. हिशेब चुकतो तो इथेच. आधी किती खोल्या उरणार ते ठरलं पाहिजे. अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा सिमेंटचा नसतो, गमावलेल्या खोल्यांच्या भाड्याचा असतो.

आधी टेप, मग कॅल्क्युलेटर

जुन्या काउलूनमध्ये सर्रास दिसणाऱ्या मांडणीचं उदाहरण घेऊ. फ्लॅट ६ मीटर रुंद, ८ मीटर खोल, म्हणजे ४८ चौरस मीटर. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारतींच्या भिंती, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे रस्त्यावर आणि मागे गल्लीत. सांडपाण्याचे उभे पाइप मागच्या भिंतीवर. सध्या आत ६ खोल्या आहेत : पुढे २, मागे २ आणि मधे २. मधल्या दोन खोल्यांना खिडकी नाही आणि ती काढायला बाहेरची भिंतच नाही. कितीही पैसे ओतले तरी त्या दोन खोल्या मान्य होणार नाहीत.

म्हणजे सहाच्या चार. मधून १ मीटर रुंदीचा आडवा बोळ ठेवला तर पुढच्या आणि मागच्या खोल्या साधारण ३.५ मीटर खोल आणि २.९ मीटर रुंद, म्हणजे प्रत्येकी १० चौरस मीटरच्या आसपास होतात. ८ च्या सीमेवर घासणारा नकाशा कधीही काढू नये. भिंतीची जाडी, गिलावा आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूने २ ते ३ सेंटिमीटर खातात. ३.५ × २.९ मीटरच्या खोलीत चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर गेले, तरी जवळपास ०.४ चौरस मीटर जातात. नकाशावर ८.२ दिसणारी खोली मोजणीच्या दिवशी ७.८ भरली तर ती भिंत पुन्हा पाडावी लागते.

खिडकी 'आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. हाँगकाँगच्या इमारत नियमांत राहत्या खोलीसाठी चालत आलेलं माप असं : काचेचं क्षेत्र जमिनीच्या १/१० आणि उघडणारा भाग १/१६. १० चौरस मीटरच्या खोलीला १ चौरस मीटर काच आणि सुमारे ०.६३ चौरस मीटर उघडणारा भाग. खिडकीत बसवलेला एसी नेमकी ही उघडणारी जागा अडवतो. एसीची जागा नकाशावरच ठरवा.

उंची स्लॅबखालून मोजा, फॉल्स सीलिंगखालून आणि बीमखालूनही मोजा. पोटमाळा असेल तर त्याच्या खालून आणि वरूनही. पोटमाळा बहुतेक वेळा काढावाच लागतो, आणि त्यासोबत एक झोपण्याची जागा जाते.

गमावलेलं भाडं मांडा

पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे टाकून तोच हिशेब करा.

समजा आज ६ खोल्यांचे प्रत्येकी ५,००० डॉलर, म्हणजे महिन्याला ३०,००० येतात. कामानंतर ४ खोल्यांचे प्रत्येकी ६,५०० धरले तर २६,०००. दरमहा तूट ४,०००. मान्यता ५ वर्षांसाठी असते, म्हणून ६० महिने धरा : २,४०,०००. काम चालू असताना ३ महिने घर रिकामं, त्याचे ९०,०००. म्हणजे एक वीट रचण्याआधीच ३,३०,००० चा खर्च उभा आहे.

आता दुसरा पर्याय शेजारी मांडा : सगळी पार्टिशनं पाडून फ्लॅट पूर्ववत करायचा आणि एकाच कुटुंबाला द्यायचा. त्याचं भाडं समजा १८,०००. चार खोल्यांचे २६,००० आणि हे १८,००० यांतला फरक ८,०००, ६० महिन्यांचे ४,८०,०००. चार खोल्यांच्या कामाला दोन महिने जास्त लागतात, त्याचे ५२,००० वजा केले की ४,२८,००० उरतात. फ्लॅट पूर्ववत करायला लागणाऱ्या खर्चापेक्षा चार खोल्या करण्याचा जादा खर्च या आकड्याच्या आत बसत असेल तरच चार खोल्यांचा विचार करा. त्यात मोजणी आणि प्रमाणन करणाऱ्या तज्ज्ञांची फी आली, मीटर आले, आणि पाच वर्षांत बदलावे लागणारे गीझर आणि नळही आले. काम पाच वर्षांनंतरही टिकतं हे खरं, पण ओल आणि भाडेकरूंची ये-जा पाहता त्यापुढचा फायदा अंदाजपत्रकात न धरलेला बरा.

घरभाड्याचा कायदाही याच पानावर हवा. २२ जानेवारी २०२२ पासून या खोल्यांच्या भाडेकराराला २ वर्षांची मुदत आहे आणि भाडेकरूला आणखी एकदा २ वर्षं राहण्याचा हक्क आहे. नूतनीकरणाच्या वेळी भाडेवाढ जास्तीत जास्त १० टक्के. म्हणून "पुढच्या महिन्यात सगळे बाहेर" हे वेळापत्रक चालत नाही. प्रत्येक खोलीच्या कराराची शेवटची तारीख लिहून काढा आणि त्यांतली सगळ्यात उशिराची तारीख ही कामाची खरी सुरुवात समजा. त्याआधी हवं असेल तर भाडेकरूशी बोलून, लेखी ठरवून आणि मोबदला देऊनच. हलवण्याचा खर्च, अनामत परत करणं, मधल्या काळातल्या जागेचं भाडं या रकमा अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने लिहा. ज्या माणसाला खोली सोडावी लागते त्याच्याकडे बहुतेकदा दुसरी जागा नसते. तो खर्च 'इतर' या शीर्षकाखाली दडवू नये.

वजन : इथे खरी गफलत होते

तुकड्यांच्या घरात जमीन का उंचावलेली असते? संडास खोलीत आला की त्याचा ४ इंची पाइप मागच्या उभ्या पाइपपर्यंत न्यावा लागतो आणि त्याला ढाळ हवा. १:४० ढाळ धरला तर ५ मीटर अंतराला १२५ मिलिमीटर उतार लागतो. पाइपची जाडी ११० आणि वर झाकायला ३०. एकूण २६५ मिलिमीटर. मग कंत्राटदार सगळ्या खोलीत भर घालतो, वर कोबा करतो आणि टाइल लावतो.

आता वजन पाहा. काँक्रीटची भर घनमीटरला सुमारे २,४०० किलो. २५० मिलिमीटर भर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलो. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो (२ किलोन्यूटन) धरून बांधलेला असतो. एकट्या भरीनेच त्याच्या तिप्पट भार चढला, आणि माणसं अजून राहायला आलेलीच नाहीत. १० चौरस मीटरच्या एका खोलीत ६ टन.

याला उपाय आहे आणि तो स्वस्तही पडतो. जमिनीत पाइप घेणारा कमोड सोडून मागच्या बाजूने पाइप निघणारा, पी-ट्रॅपचा कमोड घ्या. त्याच्या तोंडाचा मध्य जमिनीपासून साधारण १८० मिलिमीटरवर असतो. ५ मीटरच्या ढाळात १२५ उतरले की पाइपचा मध्य ५५ वर येतो, आणि ११० च्या पाइपची त्रिज्याही ५५. म्हणजे पाइप बरोबर जमिनीला टेकून उभ्या पाइपपाशी पोचतो. तो बाजूच्या भिंतीलगत न्यायचा, वरून बोर्डाची पेटी करायची. सफाईसाठी दोन उघडझाप झाकणं ठेवायची. मोरीचा तेवढाच कोपरा हलक्या चौकटीवर पायरीभर उचलायचा. खोलीभर भर घालायची गरज उरत नाही. पाइप जिथे भिंत ओलांडतो तिथे आगीत फुगून भोक बंद करणारी कॉलर बसवायची, कारण प्लॅस्टिकचा पाइप वितळला की भिंतीला भोक पडतं. ५ मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर हे गणित तुटतं. तेव्हा संडासाची जागाच मागे सरकवा.

भिंतींचंही तसंच. आपल्या चार खोल्यांच्या मांडणीत बोळाच्या दोन्ही बाजू (१२ मीटर) आणि खोल्यांमधल्या दोन भिंती (७ मीटर) मिळून १९ मीटर. उंची २.८ मीटर धरून आणि चार दारं वजा करून सुमारे ४६ चौरस मीटर. शौचालयांच्या आतल्या भिंती आणखी २६. एकूण ७२ चौरस मीटर. १०० मिलिमीटरची वीट आणि दोन्ही बाजूंचा गिलावा धरला तर चौरस मीटरला साधारण २४० किलो, म्हणजे १७ टन. तेवढ्याच जाडीच्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीचं वजन गिलाव्यासकट १०५ किलोच्या आसपास, म्हणजे साडेसात टन. ६०० × २०० मिलिमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ८.३३ लागतात. ४६ चौरस मीटरच्या मुख्य भिंतींना १० टक्के तूटफूट धरून सुमारे ४२५ ब्लॉक. कोटेशनमध्ये याच्या फार वर किंवा खाली आकडा आला तर मोजमाप दाखवायला सांगा.

२०१० च्या जानेवारीत मा ताउ वाई रोडवरची एक पाच मजली जुनी इमारत कोसळून ४ जण गेले. त्यानंतर जुन्या इमारतींतल्या फेरफारांकडे यंत्रणेचं लक्ष वाढलं आणि ३ ऑक्टोबर २०१२ पासून तुकड्यांच्या घरातली जमीन जाड करणं, ब्लॉकच्या भिंती उभारणं ही कामं 'किरकोळ कामे' नियंत्रणात आली. नाव किरकोळ असलं तरी त्यासाठी नोंदणीकृत कंत्राटदार, इमारत विभागाला सूचना आणि काही वर्गांत नेमलेला तज्ज्ञ लागतो. या कागदांशिवाय केलेलं काम कितीही चांगलं असलं तरी मान्यतेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आग

नोव्हेंबर २०११ मध्ये फा युएन स्ट्रीटवरच्या आगीत ९ जण मेले. एप्रिल २०२४ मध्ये जॉर्डन भागातल्या न्यू लकी हाउसमध्ये ५ जण. अशा घरांत धूर बोळात भरतो आणि बोळ हीच एकमेव वाट असते.

खोल्यांमधल्या आणि बोळाकडच्या भिंतींना १ तासाचा अग्निरोध धरून चाला. भिंत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत हवी. फॉल्स सीलिंगपाशी थांबलेली भिंत म्हणजे धुरासाठी उघडी खिडकी. वायर, एसीच्या नळ्या आणि पाइप यांच्या भोवतीची फट साध्या फोमने भरलेली दिसते. तो फोम जळतो. अग्निरोधक मॅस्टिक (फटीत भरायची लांबी) मागा आणि काम झाकण्याआधी प्रत्येक भोकाचा फोटो काढून ठेवा.

दारं विकत घेताना पल्ल्याचं प्रमाणपत्र दाखवतात, पण प्रमाणपत्र पल्ला, चौकट, बिजागऱ्या आणि आपोआप बंद करणारा क्लोजर या सगळ्या जोडणीचं लागतं. जुन्या लाकडी चौकटीत नवा अग्निरोधक पल्ला बसवणं हा वाया जाणारा खर्च. चार दारं म्हणजे चार पूर्ण संच. भाडेकरू क्लोजर काढून टाकतात, कारण दार जोरात आपटतं. थोडा महाग पण वेग जुळवता येणारा क्लोजर घेतला तर तो जागेवर राहतो. बोळात बुटांचं कपाट, गॅस सिलिंडर, वॉशिंग मशीन नको. मशीनची जागा खोलीत दिली नाही तर ते बोळातच येणार, म्हणून तीही नकाशावर दाखवा.

वीज आणि पाणी

एका खोलीचा भार मोजा : साठवणीचा गीझर ३ किलोवॅट, इंडक्शन शेगडी २, एसी ०.८, फ्रिज, राइस कुकर वगैरे ०.७. एकूण ६.५ किलोवॅट, २२० व्होल्टला सुमारे ३० अँपिअर. चार खोल्यांचे १२०. सगळं एकाच वेळी चालत नाही, म्हणून इलेक्ट्रिशियन हा आकडा कमी धरतो. तरी तो ७०-८० च्या घरात राहतो. जुन्या फ्लॅटला येणारा पुरवठा बहुधा ३० किंवा ६० अँपिअरचा असतो. इथे दोनच मार्ग आहेत. एक, पुरवठा वाढवणं. तो इमारतीच्या उभ्या मुख्य केबलवर अवलंबून आहे, म्हणजे मालक संघाची संमती आणि वीज कंपनीची तपासणी आली. काउलूनमध्ये ती सीएलपी. दोन, भार कमी करणं : लहान गीझर आणि दोन सर्किट एकाच वेळी चालू न होऊ देणारी जोडणी. पहिल्या मार्गाला महिने लागतात. हे पत्र बाकी सगळ्या कामांच्या आधी गेलं पाहिजे. भिंती उभ्या राहिल्यावर पुरवठा नाकारला गेला तर अख्खा आराखडा अडकतो.

प्रत्येक खोलीला स्वतःचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड, सॉकेटना ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), गीझरला वेगळं सर्किट. काम नोंदणीकृत इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून करून घ्या आणि डब्ल्यूआर १ हे पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. स्वतंत्र मीटर आल्याने जुना एक त्रासही थांबतो. वीज आणि पाण्याचे प्रत्यक्ष बिलातल्या वाट्यापेक्षा जास्त पैसे भाडेकरूकडून घेणं २०२२ पासून गुन्हा आहे.

पाण्याबाबत हाँगकाँगची एक खासियत हिशेबात धरावी लागते. शहराच्या बहुतांश भागात संडासात समुद्राचं पाणी वापरतात. त्यामुळे दोन वेगळ्या पाइपलाइन लागतात आणि गोड्या पाण्याची लाइन फ्लशला परस्पर जोडता येत नाही. खाऱ्या पाण्याच्या लाइनला धातूची फिटिंग वापरली तर ती लवकर सडते. गळणारं खारं पाणी स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढवतं, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. स्वतंत्र मीटरचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत पाणीपुरवठा विभागाकडे जातो. मीटर सामायिक जागेत बसणार असेल तर तिथून खोलीपर्यंतच्या पाइपची लांबी कोटेशनमध्ये मीटरमध्ये लिहून घ्या.

वॉटरप्रूफिंगला कात्री लावू नका. १.२ × १.६ मीटरच्या शौचालयाची जमीन १.९ आणि १.८ मीटर उंचीपर्यंतच्या भिंती ८.८ मिळून सुमारे १०.७ चौरस मीटर. चार शौचालयांचे ४३. कोटेशनमध्ये फक्त जमिनीचे ८ चौरस मीटर लिहिले असतील तर भिंती सोडून दिल्या आहेत असं समजा. कोपऱ्यांत जाळीची पट्टी, पाइपभोवती स्वतंत्र लेप, आणि टाइल लावण्याआधी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचं तोंड) बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. या दोन दिवसांत खालच्या घराचं छत त्या घरच्यांना सोबत घेऊन तपासा. टाइल लावल्यावर सापडलेली गळती काढायला टाइल, लेप आणि कोबा तिन्ही पुन्हा करावे लागतात, शिवाय खालच्याचं छत रंगवावं लागतं.

कोटेशनमध्ये सहसा नसणाऱ्या ओळी

राडारोडा. जुन्या खोल्यांच्या विटांच्या भिंती ५० चौरस मीटर पाडल्या तर १२ टन माल निघतो. भर काढली तर आणखी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो पोत्यांतून खांद्यावर उतरवावा लागतो. पाचव्या मजल्यावरून २० किलोची पोती धरली तर १२ टनांना ६०० खेपा. 'पाडकाम' या एका शब्दात हा खर्च लपतो. मजला, पोत्यांचा अंदाज आणि टाकण्याचं शुल्क वेगळं लिहून घ्या.

स्लॅबची दुरुस्ती. फॉल्स सीलिंग काढल्याशिवाय वरचा स्लॅब दिसत नाही आणि जुन्या मोऱ्यांखाली तो बहुधा खराब निघतो. यासाठी चौरस मीटरचा दर आधी ठरवा, क्षेत्रफळ उघडल्यावर मोजा. आधीच ठोक रक्कम दिली तर कमी निघालं तरी पैसे जातात आणि जास्त निघालं तर काम अर्धवट राहतं. १९६० च्या आसपासच्या इमारतीत एकूण बांधकाम खर्चाच्या १५ ते २० टक्के राखीव ठेवा आणि ती रक्कम टाइल किंवा रंगावर वळवू नका.

तज्ज्ञाची फी दोन टप्प्यांत ठरवा : सुरुवातीला मोजणी आणि लेखी अहवाल, शेवटी तपासणी आणि प्रमाणन. पहिला टप्पा वेगळा घेतला तर "हा फ्लॅट चार खोल्यांचा होत नाही" हे उत्तरही थोड्या पैशांत मिळतं. कंत्राटदारानेच आणलेला तज्ज्ञ घेऊ नका. भर किती जाड आहे हे सांगायला त्याची जीभ रेटत नाही.

हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधा : पाडकाम आणि स्लॅबची पाहणी, भिंती आणि भोकं बंद, पाणी भरून चाचणी, वीज प्रमाणपत्र, आणि शेवटचे १० टक्के मान्यता हातात आल्यावर. मान्यतेची तारीख संपण्याच्या सहा महिने आधीची नोंद आजच कॅलेंडरवर करा, कारण ५ वर्षांनी याच भिंती, हीच दारं आणि हेच क्लोजर पुन्हा तपासले जातील.